शंभरपैकी

तारापोरबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला,
चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तारे जातेज मार्क मूकवाना."
फतेहगंजच्या त्या बंगल्यात पंखा कुरकुरत होता,
बशीत दोन नानखटाया,
आणि मी एकसष्टाव्या वर्षी
पुन्हा पेनाचं टोपण चावत बसलेले.

तसा ताळेबंद माझ्या हातातला.
वीज मंडळात चौतीस वर्षं
लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.

पहिलं वर्ष: पानाला एकेचाळीस शब्द अडले.
(मोजून ठेवलेत. वहीच्या मागे, पाच-पाचाच्या जुड्या.)
शब्दकोशाची पाठ मोडली, खळ लावून बसवली.
आता पानाला नऊ अडतात.
हे प्रगतीत धरावं की डोळे मिटून पुढे जाण्यात?

पण राणी भर दरबारात नवऱ्याला 'तू'वरून 'आपण'वर नेते
ती जागा मला कुणी समजावली नाही.
इंग्रजीत आता दोघांना एकच शब्द उरलाय,
मुलांना तिथे तळटीप लागते.
मला दांडिया बाजारातलं माजघर पुरलं:
अण्णा चिडले की आईला 'आपण' म्हणायचे,
"आपण जेवून घ्या,"
आणि आमटीवर साय धरायची.
इथे दहा. पैकीच्या पैकी.

छंद मात्र अजून हाती लागत नाही.
ओळीला पाच ठोके, बाईंनी टेबलावर वाजवून दाखवले.
खंडेराव मार्केटात बोटांवर मोजत उभी राहिले,
अर्धा किलोची भेंडी दीड किलो आली.
सहावा ठोका कुठून येतो कोण जाणे.

विनोद तर एकही वेळेवर कळला नाही.
टीप वाचून हसायचं म्हणजे
पंगत उठल्यावर अक्षता टाकायच्या.
शून्य.

मांडवीजवळच्या ग्रंथालयात,
ओळखीच्या जोशीपुऱ्यांनी लोखंडी मांडण्यांपर्यंत जाऊ दिलं.
तिथे मजल्यांची जमीन काचेची.
भूत बोलू लागतं त्या प्रवेशात नेमकं
डोक्यावरून कुणीतरी चाललं,
दोन धूसर तळवे, थांबले, पुढे गेले.
पुस्तक हातातून सुटलं.
शिपाई असणार, रजिस्टर घेऊन.
भ्यायले, हे समजण्यात धरायचं का, बाई?

मी कागदावर आकडे मांडत गेले
आणि खलनायकापाशी थांबले.

पहिल्या वर्षी त्याच्या नावापुढे
पेन्सिलने 'दुष्ट' लिहून मोकळी झाले होते.
औंदा ते खोडलं.
कारण त्याचं स्वगत मोठ्याने वाचताना
आवाज ओळखीचा निघाला.
चौऱ्याण्णव साल, बढतीची यादी,
साहेबांनी सहज विचारलं,
"भार्गवी मजमुदार कशी आहे कामाला?"
मी काही वाईट बोलले नाही.
क्षणभर थांबले, आणि म्हटलं, "हं."
एवढंच. एका अक्षराचा प्रवेश.
बाकी सगळं साहेबांनी स्वतःच रचलं.

तिची दाहोदला बदली झाली.
निघायच्या दिवशी मला शेव-उसळ खाऊ घातली,
माझा हात धरून म्हणाली,
"तमे बहु सीधां माणस."
प्रेक्षकांना ठाऊक असतं आणि पात्राला नसतं
त्याला नाट्यशास्त्रात काय म्हणतात
ते माझ्या वहीत पान बाराला आहे, अधोरेखित.
तेव्हा प्रेक्षक मी एकटीच होते.
तिखट जास्त झालं म्हणून डोळे पुसले.

कागदावर त्रेचाळीस लिहिलं.
बाईंनी तो उलटा करून वाचला.
"चांगलं वाचतेस. एवढे कमी?
बाकीचे सत्तावन्न कुठे?"

"दाहोदला," म्हणाले.

बाईंना कळलं नाही,
किंवा मुरलेल्या नटीसारखं
कळलं नाही असं दाखवलं.
चहावर ताटली ठेवली, खूण सरकवली,
आणि म्हणाल्या, बुधवारी लवकर ये,
पाचवा अंक लांब आहे.