सुरक्षित

वडगावात मागांची खडखड रात्री दहाला थांबते
तेव्हा भाच्याच्या खोलीतला आवाज ऐकू येतो.
प्रज्योत शहर वाचवालेला असतो.

बोटांवरचा लाल ऑइलपेंट रॉकेलनं पुसत
मी दारात उभा राहतो.
पडद्यावर निळा अंगरखा घातलेला एकजण
इमारतींवरून उडतोय. मुखवट्याला डोळे आहेत,
तोंड काढलेलंच नाही.

"जरा खाली उतर की रे."
"खाली काय नसतंय मामा. काम सगळं वर असतंय."
तरी उतरला, माझ्यासाठी.

तीस वर्षं बोर्ड रंगवतोय.
कन्नड वर, मराठी खाली, इंग्रजी उरलेल्या जागेत.
मोजपट्टी घेऊन आलेल्या साहेबासमोर
शिडीवर चढून अक्षरं दोन बोटं बारीक केलीत,
आणि साहेब गेल्यावर मालकानं दिलेला चहा
खाली मान घालून प्यालोय.
म्हणून कुठल्याही गावात गेलो तरी
माझी नजर आधी पाट्यांवर जाते.

त्या गावात पाट्या होत्या, दुकानागणिक.
उभ्या रेघा, गाठी, वेलांट्यांसारखं काहीतरी.
लांबून अक्षरं, जवळून काहीच नाही.
कन्नड नाही, मराठी नाही,
लांबच्या कुठल्या मुलखातलीही लिपी नाही.
"मागचं चित्र आहे ते. कोण वाचतंय?"
असेल.
पण जुन्या पाटीवर नवा हात मारला
की तिरप्या उजेडात खालचं अक्षर फुगून दिसतं,
एवढं मला कळतं.
खाली काहीतरी होतं.

पुलाजवळ एक बाई, हातात पिशवी.
त्यानं तिला उचललं, पांढऱ्या रिंगणात ठेवलं.
ती विरली, चहात साखर विरते तशी, खालून वर.
कोपऱ्यात आकडा पडला:
वाचवलेले, चार हजार एकशे बारा.
"गेली कुठं?"
"सुरक्षित."
"म्हंजे कुठं?"
"म्हंजे… झालं की मामा. पाच हजार झाले की गेम संपला."

मी खिडक्या मोजल्या. सवयच आहे,
भिंतीचा अंदाज द्यायचा तर खिडक्या वजा कराव्या लागतात.
दिवे सगळीकडं लागलेले.
सावली एकाही पडद्यावर नाही.

मग तो वाईट माणूस आला.
त्यानं म्हणे उरलेल्यांना तळघरांत कोंडलंय.
कड्या मात्र मला
आतून लावलेल्या दिसल्या.
तो बोलायला लागला,
"तू नेलंस त्यातलं एकतरी माणूस कधी पर—"
प्रज्योतनं बटण दाबलं.
बोलणं उडवायचं वेगळं बटण असतंय.
"ऐकू दे की जरा."
"सगळ्या वाइटांचं तेच असतंय मामा. वेळ जातोय."

दुसऱ्या दिवशी यळ्ळूर रोडवर
एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा बोर्ड खरवडत होतो.
नवा मालक मोबाईल विकणार होता.
पत्र्याखालून आधी पिवळा आला, मग हिरवा,
मग कुणाचं तरी अर्धं आडनाव.
पत्रा घासून साफ करायचे पैसे घेतलेत,
तरी तेवढ्यावर पॉलिशपेपर चालवायला
हात वर होईना. चालवला.

चार दिवसांनी तो स्वतःच माळ्यावर आला,
जिथं मी डबे ठेवतो.
"मामा, परत पहिल्यापासून सुरू केलो.
त्या पुलावरच्या बाईला उचललोच नाही."
"मग?"
"वेळ संपला. शहर गेलं, असं लिहून आलं.
मी बंद नाही केलो. बघत बसलो."
"मग?"
"कायच झालं नाही. आग नाही, पूल पडला नाही.
ती पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली.
आणि मामा,
समोरच्या पाटीकडं बघालती ती,
ओठ हलवत."