मारुतीच्या कमरेपर्यंत

खांदा गोठलाय, असं ती पोरगी म्हणाली.
शेफाली बच्छाव, कॉलेज रोड, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
"तोही व्यायामच की, काकू."
मी म्हटलं, गोठलाय तर द्राक्षबागेत पेटवतात तशा
शेकोट्या पेटव चार.
हसली. म्हणाली, घरात भिंत आहे ना एखादी?

होती. ओट्याशेजारची, फोडण्यांनी पिवळी पडलेली.
तिच्यावर दोन बोटं चालवायची,
मुंगळा चढतो तशी, वर, अजून वर,
कळ येईल तिथे थांबून दहा मोजायचे
आणि पेन्सिलने रेघ मारायची.

मोजणं मला येतं.
नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मान खाली, उजवा हात पुढे.
इतका पैसा या हातावरून गेला,
आणि निवृत्तीनंतर हात अडला कुठे,
तर वरच्या फळीवरच्या रव्याच्या डब्यापाशी.

पहिली रेघ हनुवटीशी.
आठवड्याने तिच्यावर बोटभर.
आमच्याकडे नदी चढली की फूट-इंच कुणी विचारत नाही,
दुतोंड्या मारुती किती बुडाला, एवढंच विचारतात.
तसं हे चहाच्या वेळी विचारायचे,
"काय, कुठपर्यंत आलं?"
"गुडघ्यापर्यंत," मी सांगायची.
आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं
की पाणी चढावं.

सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायचं, हेही तिनेच सांगितलेलं.
तिथे पगार सर उलटे चालतात.
गुडघे मोकळे होतात म्हणे.
आम्हाला ते रोज तोंड दाखवत लांब लांब जातात,
स्टेशनवर निरोप दिल्यासारखे.
मालुंजकर वहिनी रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतात
आणि सोमवारी आम्हाला त्या पुन्हा चढवतात, एकेक पायरी.
फाटकाशी हौसाबाई मेथी विकते, मखमलाबादची.
तिला मी सहज विचारलं, तू गं काय व्यायाम करतेस?
"पाटी उतरवते," म्हणाली,
आणि जुडीची मुळं झटकली.
त्या दिवशी मी घासाघीस केली नाही.

या सगळ्यात माझी वेणी ह्यांच्याकडे आली.
हात डोक्यामागे जाईना, दुसरं कोण घालणार?
हे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते.
त्यांची बोटं हल्ली सकाळी उघडत नाहीत,
पावसात फुगलेल्या दारासारखी.
शेफालीने त्यांना स्पंजचा चेंडू दिला होता, दिवसातून तीनदा दाबा म्हणून.
तो दिवाणाखाली गेला तो गेलाच.
पहिल्या दिवशी वेणी झाली सुतळीसारखी.
एक पेड धरेपर्यंत दुसरा सुटायचा,
तोंडात रबर, कपाळावर घाम,
आणि पुटपुटणं, "विमान सोपं होतं यापेक्षा."

संक्रांतीच्या आसपास रेघ स्विचबोर्डाच्या वर गेली.
एका दुपारी, हे बँकेत गेले असताना,
मी रव्याचा डबा काढला. सहज निघाला.
मग आरशासमोर उभं राहून
दोन्ही हात मागे नेऊन
सबंध वेणी घातली, शेंड्यापर्यंत.
पाहिली.
आणि सोडून टाकली.
डबा होता तिथे ठेवला.

कारण आदल्याच दिवशी
लोणच्याच्या बरणीचं झाकण ह्यांनी
एका झटक्यात उघडलं होतं,
आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आता रोज सकाळी मी पाठ करून बसते.
मागून विचारणा होते, "काय, कुठपर्यंत आलं?"
"कमरेपर्यंत," मी म्हणते.
"एवढंच? अजून?"
"अजून."
वेणी हल्ली फार घट्ट बसते.
कानामागे ओढ लागते दुपारपर्यंत.
मी काही बोलत नाही.