पालथा फोटो

गुरुवारी संध्याकाळी पिओरियाच्या वाचनालयाच्या तळघरात
आम्ही सहाजणी कात्र्या घेऊन बसतो.
बाहेर उणे अकरा. आत कॉफी, जी कुणी पीत नाही,
आणि मार्लीनचं कागद कापायचं यंत्र,
ज्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

बारा इंच बाय बारा इंच. एवढंच शेत.
मार्लीन सांगते, फोटो तीन घे, तीन शोभतात.
मी म्हणते, आमच्यात तीन तिगाडा.
तिला समजावेपर्यंत गोंद वाळतो.

निनादच्या पदवीदानाचं पान झालं:
निळा कागद, त्यावर जरा फिका निळा,
कोपऱ्यात टोपीचं स्टिकर, सव्वा डॉलरला चार.
ह्यांचंही झालं. बर्फ उपसताना,
पाठमोरे, म्हणून बरे आले आहेत.
रेवाचं पहिलं वर्ष मात्र आवरत नाही,
जिकडेतिकडे ती आणि कुणाचे तरी अर्धे हात.
हात कापू नकोस, मार्लीन म्हणते.
तिच्याकडे तिच्या आईचा तेवढाच फोटो आहे:
बाळाला धरलेली दोन मनगटं,
एकावर घड्याळ, चार वाजून दहा.

मग पाकिटातून कुंदा निघाली.
सत्याऐंशीचा डिसेंबर, नदीकाठी आम्ही दोघी,
अंगात चर्चने वाटलेले कोट,
माझा घोट्यापर्यंत, तिचा कमरेशीच संपलेला,
आणि चेहरे असे हललेले
की हसतंय कोण, कुडकुडतंय कोण, कळू नये.
मार्लीनने चष्मा वर केला, खाली केला.
हा राहू दे, म्हणाली.

मी उलटा केला.
मागे कुंदाचं अक्षर, बॉलपेन दाबून लिहिलेलं,
एकही काना न हललेला:

कुकरची रिंग मिळाली. मेथी उगवली, कडू आहे.
इथे बर्फ नाही. बोलायलाही कुणी नाही.
तुझे तेरा डॉलर विसरले नाही.

फ्रेस्नोहून आलेलं. त्यानंतर एक दिवाळीचं कार्ड,
मग तिचा पत्ता बदलला असावा. माझाही बदलला.
तेरा डॉलर कशाचे होते,
डोकं खाजवलं तरी आठवत नाही.

चिकटवला तर अक्षर कायमचं गोंदात.
परत पाकिटात घातला तर
आणखी पस्तीस वर्षं मी कुठून आणू?
पेन्सिलीने खुणा केल्या, चार काळे कोपरे लावले
आणि बसवला पालथाच, एकटा, मधोमध.
मार्लीन काही बोलली नाही.
तिचं ते यंत्र तेवढं माझ्याकडे सरकवलं.

रविवारी रेवा आली. तिला देवनागरी येत नाही.
चिकट बोटांनी पानं उलटत इथे थांबली.
आज्जी, यात तू कुठली?

मी शोधलं. मग तिचं बोट धरून
'तुझे' वर ठेवलं.

तिने वाकून नीट पाहिलं.
छान आलीयेस, म्हणाली.