पावणेतीनचा टोला

उद्यमबागेत तीन नंबरच्या शेडात भट्टी.
तिचा ताप मोजणारा डबा भिंतीपलीकडं,
अलीकडं माझा प्रोग्राम, सॉकेटला कान लावून.
डबा सांगायचा: चौदाशे दहा. चौदाशे बारा.
साडेअकराला गप्प झाला.

मेला म्हणावं, तर तसा निरोप नाही.
कनेक्शन जिवंतच दिसतंय.
आणि प्रोग्राम बसलाय.
त्याला कंटाळा येत नाही, हाच त्याचा रोग.
स्क्रीनवर दोन तास चौदाशे बारा.

अलार्म लावला, पाच सेकंदांचा.
सिग्नल आला की धावायचं एक फंक्शन,
पोटात काही नाही, दोन कंस आणि मोकळी जागा.
झोपलेल्याला उठवायला
हात लागला तरी पुरे.

त्यानं डोळे उघडले, कूस बदलली,
परत त्याच ओळीवर झोपला.
सिस्टीमच थोपटत होती त्याला: पुन्हा सुरू कर.
ते निशाण काढून टाकलं.
मग उठायला लागला,
हातात उणे एक घेऊन.

खरं एकदा अलार्म वाजला
केसभर आधी,
ओळ एकवीस आणि बावीसच्या मधे.
अजून कुणी झोपलंच नव्हतं.
मग हा निवांत झोपला
आणि उठवणारा कधीच घरी गेलेला.

गेटवर सांबऱ्याचा कल्लाप्पा
दर पाव तासाला रुळाचा तुकडा बडवतो.
कोण ऐकतंय हो?
फोनवर सुनेला म्हणाला "तडी, तडी",
मला म्हणाला "थांबा",
आणि मग:
"एक टोला हुकतोय की माणसाचा.
झोप काय विचारून लागतीय व्हय?
म्हणून परत मारायचा."

आत येऊन अलार्म काढला,
टायमर घातला, परत परत वाजणारा.
पाचव्या सेकंदाला उणे एक.
लाल दिवा. पलीकडं गेलो.

डब्याचा प्लग काढलेला.
तिथं दस्तगीरचा मोबाईल चार्जिंगला,
आणि दस्तगीर उकिडवा, त्याच्याकडं बघत.
बहीण सिव्हिलात, संध्याकाळपासून आत.
"शेडात सॉकेट एकच हाय, सर."
किती वेळ बसलाय, त्यालाही ठाऊक नव्हतं.

कल्लाप्पाच्या केबिनमधून वायर ओढत आणली.
डबा बोलला: तेराशे नव्वद.
मोबाईल नाही बोलला.
"आपणच लाव की फोन," मी म्हटलं.
तो नुसता बघत राहिला.

पावणेतीनचा टोला पडला.
त्यानं मान वर केली,
मोबाईल उचलला.