डाग

जुन्या बाजारात, रविवारी,
हनीफभाईनं आरसा दिला दीडशेला.
पारा उडालाय म्हणाला, पण तोंड दिसतं.

एरंडवण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये
मी तो बेसिनवर टांगला.
खालच्या कोपऱ्यात कुणाची तरी डाळिंबी टिकली.
चंद्रहास म्हणाला, काढ ती,
हा माणूस एकटा राहतो.

नखानं काढली. गोंद राहिला,
मसुरीएवढा, धूळ धरलेला.

देवस्थळींना तीन वाक्यं होती बायकोबद्दल.
सकाळपासून पाठ करत होते,
चहा गार करत.

मग खंडूनं खिडकीला ट्रेसिंग लावला,
दिवा हातभर मागे घेतला
आणि डाग उजळला:
दाढीचा फेस लावलेल्या माणसाच्या खांद्याशी,
ठेंगण्या बाईचं कपाळ यावं तिथं.

कुणीच काही बोललं नाही.
चंद्रहासनं पेन मागितलं,
तिन्ही वाक्यं खोडली.

जेवताना सगळे म्हणाले, काय नजर आहे तुझी!
मी आमटी ओरपत राहिले.

टिकली वहीत आहे,
दृश्य बाराच्या पानावर चिकटवलेली.
शेजारी दोन रकाने असतात दर वस्तूला:
कोणाची.
परत कधी द्यायची.