हापसी

साडेतीनला दीपमालाचं बळ सरलं.
दोन तास कळ आली की ती दात खात होती,
आता कळ येते, आणि ती नुसती छताकडे बघते,
जिथं बंद पंखा आहे आणि एक पाल.
"आते माले नई व्हत, माय."
हे मला म्हणते की पालीला, कळत नाही.

डॉपलरमधलं टकटक एकशेचाळीसवरून शंभरावर,
शंभरावरून नव्वदावर,
कळ ओसरल्यावरही चढायला वेळ लावतं.
लाईट बाराला गेली ती गेलीच, सगळं बॅटरीवर.
एकशेआठची गाडी सर्पदंश घेऊन गेलीय,
पारोळ्याहून धुळं पस्तीस किलोमीटर.
वळवी मॅडम धडगावकडच्या. वय सव्वीस.
आवाज कधी वाढवत नाहीत.
"सिस्टर, व्हॅक्यूम."

तळहातात मावेल एवढी वाटी.
तिला एक नळी,
नळीच्या टोकाला पंप, तो माझ्या हातात.

बेटावदला आमच्या आळीत हापसी होती.
मे महिन्यात पहिले तीस-चाळीस दणके कोरडेच,
आत नुसती खरखर,
जमीन घसा साफ करतेय जशी.
मी सात वर्षांची, दांड्याला लोंबकळायचे.
थोरली बहीण घागर धरून उभी:
"थांबू नको. आते वारा ई ऱ्हायना,
पानी त्याना मांगे शे."

काटा हिरव्या पट्ट्यात आला.
मॅडमनी वाटीच्या कडेनं बोट फिरवलं,
आईचं काही अडकलं नाही ना.
मग आम्ही तिघी थांबलो.
कळ नसताना ओढायचं नाही, हा नियम.
वाटी धरून बसते, ढकलायचं तिनंच.
आणि वाटी तरी कशानं धरते?
हवा काढून घेतल्यावर जे उरतं, त्यानं.
एकोणीस वर्षं झाली या नोकरीत,
अजून नवल वाटतं:
आत काहीच नाही, आणि सुटत नाही.

कळ आली.
पहिली ओढ खाली, फरशीकडे.
केस दिसले, ओले, भरपूर.
दुसरीला फट्ट झालं. वाटी निसटली.
मॅडम मागच्या मागे स्टुलावर,
बाहेरून कस्तुराबाईंची दारावर थाप.
कुणी काही बोललं नाही.
टकटक मोजली. पंचाऐंशी.
"अजून एकदा," मॅडम म्हणाल्या,
"मग मी हात लावणार नाही, गाडीच बघायची."

मी पुन्हा दाबायला लागले, एक, दोन, तीन,
आणि का कोण जाणे, दीपमालाच्या कानाशी वाकून म्हणाले,
"वारा ई ऱ्हायना, बाई. वारा ई ऱ्हायना."
तिला त्यातलं काय कळलं, देव जाणे.
तिनं माझं मनगट पकडलं
आणि ओरडली, पण कण्हणं नव्हतं ते,
बैलाला हाळी घालावी तसं काहीतरी.
ओढ आधी समोर, मग वर,
मॅडमनी वाटी सोडवली,
खांदे आपोआप आले.

तीन बावन्न. दोन किलो नऊशे.
जरा उशिरा रडली, पण रडली.

कस्तुराबाईंनी दुपट्यातलं डोकं पाहिलं,
टाळूमागे आलेलं टेंगूळ पाहिलं.
"हाई काय व? टोपी घालीसन उनी का आंडेर?"
बोटं लगेच पुढे झाली.
गावातली कितीतरी डोकी गोल केलीत त्या बोटांनी.
मी मध्ये हात घातला.
दाबायचं नाही. तेल नाही. दोन दिवसांत उतरेल.
त्या रुसल्या. चहा पाजायच्या होत्या, तो राहिलाच.

उजाडताना वाटी धुवायला बेसिनपाशी गेले.
नळ खाकरला, खाकरला, आणि गप्प झाला.
बादलीतलं पाणी घेतलं.

परवा डिस्चार्जच्या वेळी टेंगूळ बसलं होतं.
उरलं होतं एक जांभळट कडं.
दीपमाला त्यावरून बोट फिरवत म्हणाली,
"दुखस व्हई का तिले?"
मी म्हटलं, माहीत नाही गं.
खरंच माहीत नाही.
बेटावदच्या हापसीपाशी, दगडात,
घागर ठेवून ठेवून पडलेलं कडं होतं,
अगदी एवढंच.
पोर त्याच्यासकट झोपली होती.