अंगठा

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर असताना
ड्यूगल्ड रेनी वाकून आत आला.
एका हातात ड्रायव्हरचा दांडा,
दुसऱ्या हातात, बटाट्यांच्या पिशवीत,
त्याचं डोकं.

'सातव्या होलवर,' तो म्हणाला.
'चेंडू जागचा हलला नाही.
हे मात्र चाळीस यार्ड गेलं, नाकासमोर.
एवढा सरळ फटका मी जन्मात मारलेला नाही.'
मी हसले. तो हसला नाही.
एल्स्पेथची नात ट्रॉली धरून पुढे उभी होती म्हणे.
दोन हातांवरून गेलं.

मी काही विचारलं नाही, तरी सांगत राहिला.
फेरीबोटीवरची एकतीस वर्षं संपल्यापासून
इंजिनाच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही.
रात्री दोनला पडद्यावर आकडे उलटे पळत होते :
अजून अकरा मिनिटं, शेवटचे दोन संच.
माझ्याकडे ज्या पैशात एक ड्रायव्हर येतो
त्या पैशात तिथं अख्खी बॅग.
माझ्या किमतीच्या पाटीकडे त्यानं एकदा बघितलं
आणि खिडकीबाहेर, जिथं धुक्यानं
पहिला टी अजून झाकून ठेवला होता.

म्हणतात, कान सोनारानंच टोचावेत.
पण समोरचा सत्तरीचा असला
आणि बॅगेला अजून नव्याचा वास येत असला
की सोनाराचाही हात अडखळतो.
माझे वडील वाईट बातमी स्वतः सांगत नसत,
तराजूला सांगू देत.

म्हणून मी आधी चुंबक लावलं.
टायटॅनियमला ते चिकटत नाही.
इथं चिकटलं,
जुनी ओळख निघाल्यासारखं.
मग एकेक आयर्न काट्यावर.
सहा आणि नऊ एकाच वजनाचे,
सगळ्यांच्या मानेवर एकच नंबर,
आणि कंपनीच्या नावातलं एक अक्षर
जरा जास्तच जेवलेलं.

ड्यूगल्ड प्रत्येक आकडा ओठांनी वाचत होता.
शेवटी म्हणाला,
'पण ह्याच सात नंबरनं मी ऑगस्टमध्ये मेडल जिंकलं.
भर वाऱ्यात. अठराव्या होलवर. तू होतीस तिथं.'
होते.
चेंडू झेंड्यापाशी असा थांबला होता
जणू त्याला तिथंच उतरायचं होतं.
त्याचं काय करायचं, हे काट्यावर दिसेना.

मी दिवा ओढला, भिंग घेतलं,
दांड्याचं तुटलं टोक बघितलं.
गोंद निम्म्याच घेरात. बाकी कोरडं.
आणि त्या गोंदात, काचेत अडकल्यासारखा,
एक अंगठा.
पूर्ण, शेवटच्या वळणापर्यंत.
हातमोजा नसलेल्या कुणीतरी
दांडा दाबून बसवला होता
आणि पुढचा उचलला होता, आणि त्याच्या पुढचा.

भिंग मी त्याच्या हातात दिलं.
बराच वेळ तो वाकून राहिला.
'घाईत होता बिचारा,' म्हणाला.
'किंवा बिचारी,' मी म्हटलं. 'लहान आहे.'
त्यानं आपला अंगठा दिव्यात धरला :
ग्रीसनं कायमचा काळा, मधोमध जुना चटका.
'त्या इंजिनात माझे असे किती राहिले असतील,' म्हणाला,
'पण माझी बोट कधी बुडाली नाही हं.'
हे त्यानं जरा चढ्या आवाजात सांगितलं.

विकणाऱ्याचं दुकान तोवर नाव बदलून बसलं होतं.
पैसे गेले ते गेलेच.
तपासणीचे मी घेतले नाहीत, त्यानं टेबलावर ठेवले,
मी परत केले, त्यानं पुन्हा ठेवले.
संच भंगारात द्यायला माझ्याकडे सोडला.
सात नंबर तेवढा घेऊन गेला.
'खेळणार नाही,' म्हणाला.
दाराशी थांबून एकदा हवेत फिरवलाच,
आसपास कुणी नाही बघून.

तो तुटका दांडा आता माझ्या शेगड्यावर असतो.
एवढं महाग का, असं विचारणाऱ्यांना
मी दिव्याखाली दाखवते
गोंद नेमका कुठं कमी पडला ते.
त्या अंगठ्यावर मात्र
कुणाला बोट ठेवू देत नाही.